उधारीचे कार्ड

मुलांनो, घरचा किराणा आणायला तुम्ही अनेकदा दुकानात गेला असाल. दोन किलो साखर, पाव किलो चहा, एक लिटर तेल. पिशवी भरते, पण खिशात तेवढे पैसे नसतात. दुकानदार म्हणतो, "राहू दे, अब्बा देतील." मग तो गल्ल्याजवळची लाल बांधणीची लांबट वही काढतो आणि तुमच्या घरच्या पानावर तीन ओळी लिहितो. पगार झाला किंवा कापूस विकला गेला, की अब्बा दुकानात जातात, बेरीज तपासतात, पैसे देतात आणि दुकानदार त्या पानावर तिरकी रेघ मारतो. याला मराठीत उधारी म्हणतात.

दुकानदार ही उधारी कोणालाही देत नाही. तो तुमच्या अब्बांना ओळखतो, कदाचित आजोबांनाही ओळखत होता. त्यांनी आजवर कोणाचे पैसे बुडवले नाहीत, हे त्याला ठाऊक असते. ज्याला तो ओळखत नाही, त्याला तो गोड बोलून रोख पैसे मागतो. आज आपण ज्या कार्डाविषयी वाचणार आहोत, ते कार्डही एक उधारीची वहीच आहे. फक्त ही वही दुकानदाराच्या गल्ल्याजवळ नसून बँकेच्या संगणकात असते.

या पाठात पैशांच्या व्यवहाराचे बरेच शब्द येतील. त्यांना घाबरू नका. त्यांतले निम्मे तुमच्याच घरचे आहेत. कर्ज, रक्कम, हिशेब, मुदत, बाकी, वसूल, जामीन, हप्ता हे सारे शब्द फारसी आणि अरबीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. उर्दूतला तकाजा मराठीत तगादा झाला. थोडेच शब्द नवे वाटतील. व्याज म्हणजे सूद. मुद्दल म्हणजे असल रक्कम. तारण म्हणजे कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू, उर्दूत ज्याला रहन म्हणतात.

आता हा पाठ लिहिण्याचे कारण सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी बी.कॉम. झाला आणि जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटईच्या एका कारखान्यात हिशेबाच्या कामाला लागला. पगार महिना अठरा हजार रुपये. एका रविवारी तो चोपड्याला घरी आला असताना मला भेटायला आला. हातात एक छापील अर्ज होता. "सर, बँकेतून फोन आला होता. साठ हजारांचे कार्ड मंजूर झाले म्हणाले. फक्त सही करायची आहे. घेऊ का?" मी विचारले, "कशासाठी घेतोस?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "हिवाळ्यात बहिणीचे लग्न आहे."

तो विद्यार्थी हिशेबाचे काम करतो, तरी त्याला त्या अर्जाचा हिशेब ठाऊक नव्हता. खरे सांगायचे तर त्याच्या वयात मलाही नव्हता. तुम्ही आज नववी-दहावीत आहात. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तुमच्या नावाने कोणी असे कार्ड देणार नाही. पण चार-पाच वर्षांनी असा फोन तुम्हालाही येईल, आणि तुमच्या मोठ्या भावाला किंवा बहिणीला कदाचित आजच येत असेल.

प्रथम एक घोटाळा दूर करू. बँकेत खाते उघडल्यावर जे कार्ड मिळते, ज्याने आपण एटीएममधून पैसे काढतो, ते डेबिट कार्ड होय. क्रेडिट कार्ड दिसायला अगदी त्याच्यासारखेच असते, तीच लांबी-रुंदी, तसेच सोळा आकडे. पण डेबिट कार्ड म्हणजे आपल्याच विहिरीत सोडलेली बादली. विहिरीत पाणी असेल तेवढेच वर येईल. क्रेडिट कार्ड म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीत सोडलेली बादली. पाणी भरपूर येते, पण ते परत ओतावे लागते, आणि तेही ठरलेल्या दिवशी.

ही पद्धत फार जुनी नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात १९५० साली डायनर्स क्लब नावाची संस्था निघाली. तिचे कार्ड दाखवून सभासद उपाहारगृहात जेवत आणि महिनाअखेरीस संस्थेला सारे पैसे एकदम देत. भारतात बँकेचे क्रेडिट कार्ड १९८० साली मुंबईच्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाने आणले. त्या काळी ते मोठ्या शहरांतल्या मोठ्या पगारदारांपुरते होते. आता फोनवरूनच अर्ज भरता येतो, त्यामुळे ते सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत येऊन पोहोचले आहे.

आता कार्डाचा महिना कसा चालतो ते पाहू. समजा, बँक दर महिन्याच्या ५ तारखेला बिल तयार करते आणि ते भरण्याची शेवटची तारीख २५ आहे. तुम्ही ६ सप्टेंबरला दोन हजारांचे बूट घेतले. ही खरेदी ५ ऑक्टोबरच्या बिलात येईल आणि पैसे २५ ऑक्टोबरपर्यंत द्यायचे. म्हणजे ४९ दिवस तुम्ही बँकेचे पैसे फुकट वापरले. तेच बूट ४ ऑक्टोबरला घेतले असते, तर तेही त्याच बिलात आले असते आणि मुदत फक्त २१ दिवसांची मिळाली असती. जाहिरातीत "पन्नास दिवस बिनव्याजी" असे लिहितात, तेव्हा त्याच्या आधी "जास्तीत जास्त" हे शब्द बारीक अक्षरांत असतात. ते आधी वाचावेत.

एखादा हुशार मुलगा येथे विचारेल, "सर, बँक फुकट पैसे का वापरू देते?" प्रश्न योग्य आहे. बँकेचे उत्पन्न अनेक वाटांनी येते. तुम्ही शंभर रुपयांची खरेदी केली, तर दुकानदाराच्या हाती पूर्ण शंभर पडत नाहीत. शेकडा दीड-दोन रुपये कापले जातात आणि ते बँका व कार्डाची यंत्रणा चालवणाऱ्या कंपन्या वाटून घेतात. म्हणूनच काही दुकानदार कार्ड पाहिले की तोंड वाकडे करतात. काही कार्डांना वार्षिक शुल्क असते. पण मोठी कमाई येते ती २५ तारखेला पूर्ण पैसे न भरणाऱ्यांकडून. वेळेवर पूर्ण पैसे भरणारा ग्राहक बँकेला फारसे काही देत नाही.

बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात. एक एकूण देय रक्कम आणि दुसरी किमान देय रक्कम. ही दुसरी रक्कम साधारणपणे एकूण रकमेच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते. ती पाहून माणसाला हायसे वाटते. साठ हजारांचे बिल आणि भरायचे फक्त तीन हजार! पण किमान रक्कम भरल्याने एवढेच होते, की विलंबाचा दंड लागत नाही. व्याज लागतेच. ते उरलेल्या रकमेवर शेवटच्या तारखेपासून लागत नाही, तर खरेदीच्या दिवसापासून लागते. शिवाय मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या औषधाच्या बाटलीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या बहिणीच्या लग्नाचा हिशेब करू. वही-पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर करा, नुसते वाचू नका. अनेक कार्डांचे व्याज महिन्याला शेकडा साडेतीन रुपये असते. साडेतीन हा आकडा लहान वाटतो, कारण तो महिन्याचा आहे. बाराने गुणा. वर्षाला ४२ टक्के होतात. साठ हजारांवर महिन्याचे व्याज २,१०० रुपये. या व्याजावर सरकारचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३७८ रुपये. एकूण २,४७८. त्याने किमान रक्कम म्हणून तीन हजार भरले, तर मुद्दलातून वजा होतात फक्त ५२२ रुपये!

तो म्हणाला, "मी महिना चार हजार भरू शकेन." घरी पैसे पाठवून आणि खोलीचे भाडे देऊन तेवढेच उरत होते. आम्ही महिन्या-महिन्याचा तक्ता मांडला. पहिल्या महिन्यात चार हजारांतले १,५२२ मुद्दलात गेले. दुसऱ्या महिन्यात थोडे अधिक. तिसऱ्यात आणखी थोडे. कर्ज फिटायला सुमारे २४ महिने लागले आणि एकूण भरणा झाला ९५ हजारांच्या आसपास. साठ हजारांच्या लग्नाला पंचाण्णव हजार. तेही त्या दोन वर्षांत कार्डावर एक पैशाचीही नवी खरेदी झाली नाही आणि एकही हप्ता चुकला नाही, असे धरून. तक्ता पुरा झाल्यावर तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसला.

या व्याजाला कायद्याने काही मर्यादा आहे का, असे तुमच्या मनात येईल. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली असा निर्णय दिला होता, की कार्डाची बाकी थकली तरी वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. व्याजाचे दर पाहणे हे रिझर्व्ह बँकेचे काम आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. तेव्हा त्या ३० टक्क्यांच्या आधारावर आता कोणी विसंबून राहू नये.

कागद न वाचता सही करण्याचा इतिहास आपल्या महाराष्ट्रात जुना आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव कडाडले. शेतकऱ्यांच्या हाती पैसा दिसू लागला, तसे सावकारही सढळ हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. इकडे सरकारने शेतसारा वाढवला. कर्ज मात्र तेवढेच राहिले, किंबहुना व्याजाने वाढत गेले. शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. पुढे हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. या दंगलीत लोकांचा रोख मुख्यतः कर्जाच्या कागदांवर होता. सावकाराने कर्जरोखे आणि वह्या दिल्या, की त्या जाळून लोक परत जात. ज्यावर आपण अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे, हे त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. इतिहासाच्या पुस्तकात याला दख्खनचे दंगे म्हणतात. १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते. उधारी सर्वांत सहज मिळाली ती भाव चढलेले असताना. माझ्या विद्यार्थ्यालाही फोन आला तो पगार सुरू झाल्यावर, बेकार असताना नव्हे.

आपल्या चोपडा तालुक्यात अनेक घरांत पहिले क्रेडिट कार्ड मात्र निराळेच आले. त्याचे नाव किसान क्रेडिट कार्ड. आर. व्ही. गुप्ता समितीच्या शिफारशीनंतर १९९८ साली ही योजना सुरू झाली आणि तिचा नमुना नाबार्ड या संस्थेने तयार केला. तापीच्या काठी केळी करणारा किंवा अडावद-लासूरकडे कापूस लावणारा शेतकरी बँकेकडून असे पीककर्ज घेतो. किती कर्ज द्यायचे हे त्याची जमीन किती आणि पीक कोणते यावर ठरते. केळीला एकरी खर्च जास्त, म्हणून मर्यादा जास्त. कोरडवाहू ज्वारीला कमी. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज वर्षाला ७ टक्के. वेळेवर फेडणाऱ्याला त्यात ३ टक्क्यांची सूट, म्हणजे प्रत्यक्षात ४ टक्के. यात बिनव्याजी मुदत नसते. पैसे काढल्या दिवसापासून व्याज सुरू होते, पण ते किती हलके आहे ते पाहा.

आणखी एक फरक आहे, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे. पीककर्ज फेडण्याची तारीख पीक निघण्याच्या हंगामाकडे पाहून ठरवलेली असते. कापूस जूनच्या पावसावर लावतात आणि वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते. मधले चार-पाच महिने शेतकऱ्याच्या घरात पैसा फक्त जातो, येत नाही. त्या काळात दर महिन्याच्या २५ तारखेला कोणी बिल घेऊन आले, तर तो काय देणार? शहरातल्या पगारदाराचे कार्ड महिन्याच्या पगाराला जोडलेले आहे. ज्याचा पैसा महिन्याला येत नाही, त्याच्या हातात महिन्याच्या बिलाचे कार्ड देणे म्हणजे बैलाला घोड्याचे खोगीर घालणे होय. मोसमावर चालणारा टेलर, ट्रॅक्टर भाड्याने चालवणारा, केळीच्या गाड्या भरणारा मजूर, यांची कमाई कोणा पगारदारापेक्षा वर्षाकाठी कमी असेलच असे नाही. पण ती येण्याची वेळ निराळी असते. म्हणून कार्ड घेण्याआधी स्वतःला "मी किती कमावतो?" याच्याआधी "माझा पैसा कधी येतो?" हे विचारावे.

मग कार्ड कोणी घेऊच नये का? तसे मी म्हणणार नाही. आमच्याकडे काही वडीलधारी माणसे कार्ड म्हटले की हात झटकतात. त्यांचे भय अगदीच खोटे नाही, पण पूर्ण खरेही नाही. मघाशी आपण पाहिले, की दुकानदार ओळखीच्या माणसालाच उधारी देतो. बँकेला तुमचे आजोबा माहीत नसतात. ती चौकशी करते पत-माहिती कंपन्यांकडे. त्यांतली सिबिल ही कंपनी २००० साली स्थापन झाली. देशात अशा चार कंपन्या आहेत. तुम्ही कोणते कर्ज घेतले, हप्ते वेळेवर भरले की नाही, याची नोंद त्या ठेवतात आणि त्यावरून ३०० ते ९०० यांमध्ये एक गुण देतात. ज्याने कधीच कर्ज घेतले नाही, त्याचे पान कोरे असते. कोरे पान वाईट नव्हे, पण पुढे घरासाठी मोठे कर्ज मागायला गेल्यावर बँकेला त्यावर वाचायला काहीच नसते. लहान मर्यादेचे कार्ड घेऊन, थोडीच खरेदी करून, दर महिन्याला पूर्ण पैसे भरले, तर ते पान हळूहळू चांगल्या अक्षरांत भरत जाते. उलट एक-दोन बिले थकली, तर ती नोंद वर्षानुवर्षे मागे राहते. स्वतःचा अहवाल प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मागवता येतो.

दवाखान्यात रात्री-अपरात्री अनामत भरायची वेळ आली आणि खात्यात पैसे नसले, तर कार्ड उपयोगी पडते. पण तेथे एक लक्षात ठेवावे. कार्डाने थेट बिल भरणे वेगळे आणि कार्ड एटीएममध्ये घालून रोख काढणे वेगळे. रोख काढली तर एक दिवसाचीही बिनव्याजी मुदत नसते. व्याज त्याच दिवशी सुरू होते आणि वर रोख काढण्याचे शुल्कही लागते. डेबिट कार्डाच्या सवयीने क्रेडिट कार्डही एटीएममध्ये घालणारे लोक मी पाहिले आहेत.

ज्याला पगाराची पावती दाखवता येत नाही, त्यालाही एक मार्ग आहे. बँकेत पंधरा-वीस हजारांची मुदत ठेव ठेवली, तर अनेक बँका तिच्या तारणावर ठेवीपेक्षा थोड्या कमी मर्यादेचे कार्ड देतात. ठेवीवरचे उत्पन्न चालू राहते आणि मर्यादा लहान असल्याने बुडण्याची भीतीही लहान. नवशिक्याने पोहणे शिकावे ते गावच्या हौदात, पावसाळ्यातल्या तापीत नव्हे.

येथे आपल्या घरांशी संबंधित एक गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबांत सूद देणे आणि घेणे दोन्ही वर्ज्य मानतात. बिल पूर्ण आणि वेळेवर भरले तर सूद लागत नाही, म्हणून कार्ड चालेल, असे काही उलेमा म्हणतात. सूद देण्याची अट ज्या करारात लिहिलेली आहे, त्यावर सहीच करू नये, असे काही म्हणतात. मी भाषेचा शिक्षक आहे. हा निर्णय देणे माझे काम नाही. तुम्ही घरच्या मोठ्या माणसांना आणि ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे अशा जाणकारांना विचारा. मात्र कर्ज लिहून ठेवण्याविषयी कोणाचेच दुमत नाही. कुरआनातील सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे तुम्ही दीनियातच्या तासाला ऐकले असेल.

अर्जाबरोबर काय वाचायचे, तेही सांगतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्डांविषयी सविस्तर नियम केले. त्यानुसार अर्जाबरोबर एका पानाचे माहितीपत्रक द्यावे लागते. त्यात व्याजाचा दर आणि शुल्के लिहिलेली असतात. तेवढे एक पान मागून घ्या आणि सावकाश वाचा. न मागता कार्ड पाठवण्यास या नियमांत मनाई आहे. घरी आलेले कार्ड ३० दिवसांत सुरू केले नाही, तर बँकेला ग्राहकाची संमती पुन्हा घ्यावी लागते, आणि संमती मिळाली नाही तर ते बंद करावे लागते. सगळी बाकी भरून कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला, तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद केले पाहिजे. त्यापुढे उशीर झाला तर रोज ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. शेवटची तारीख उलटून तीन दिवस होईपर्यंत विलंबाचा दंड लावता येत नाही, असाही नियम आहे. हा नियम मला तोंडपाठ आहे, कारण एकदा वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना मी तारीख विसरलो आणि सहाव्या दिवशी पैसे भरले. अकराशे रुपयांच्या बिलावर दंड, व्याज आणि जीएसटी भरावा लागला. त्या दिवशी मला वर्गात तारखेसह गृहपाठ मागण्याची थोडी लाज वाटली.

"आजीवन मोफत" हे शब्दही नीट समजून घ्या. त्याचा अर्थ वार्षिक शुल्क नाही, एवढाच. व्याज, दंड आणि रोख काढण्याचे शुल्क त्यात मोफत नसते. आणि बँकेतून बोलतो असे सांगून कोणी कार्डाचे आकडे, मागचे तीन अंक किंवा फोनवर आलेला ओटीपी विचारला, तर तो बँकेचा माणूस नव्हे. घरी अब्बा-अम्मींना असा फोन आला, तर तुम्ही जवळ बसून त्यांना थांबवा. या बाबतीत घरात अनेकदा तुम्हीच अधिक जाणकार असता. फसवणूक झालीच, तर लगेच बँकेला आणि १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे.

आता माझ्या विद्यार्थ्याचे काय झाले, ते सांगतो. आम्ही तक्त्याच्या शेजारी दुसरा तक्ता मांडला. घरातले सोने बँकेत तारण ठेवून महिना एक टक्का व्याजाने साठ हजार घेतले असते, तर त्याच चार हजारांच्या हप्त्याने सोळा-सतरा महिन्यांत, ६५ हजारांच्या आसपास भरून सुटका झाली असती. दोन्ही तक्ते त्याने घडी करून खिशात ठेवले. अर्ज माझ्याच टेबलावर राहिला.

दोन आठवड्यांनी त्याच्या अम्मी शाळेत आल्या. त्यांच्या बोलण्यात राग होता. "सर, तुम्ही मुलाला काय शिकवले? तो म्हणतो, लग्नाचा मंडप लहान करा. लोक काय म्हणतील?" मी त्यांना बसायला सांगितले आणि तेच दोन कागद पुन्हा मांडून दाखवले. त्यांना लिहिता-वाचता थोडेच येते, पण भिशीचा हिशेब त्या पंधरा बायकांचा तोंडी सांभाळतात. पंचाण्णव हजारांचा आकडा ऐकून त्या म्हणाल्या, "यात तर एक म्हैस जास्त आली असती!" सोने गहाण ठेवायला त्यांनी नकार दिला. मामांनी वीस हजार दिले, कर्जे-हसना म्हणून, सवडीने परत करण्याच्या बोलीवर. भिशीचा नंबर त्यांनी पुढे ओढून घेतला. जेवणात एक पदार्थ कमी झाला. दोन-तीन नातेवाईक त्यावरून बोललेही.

पुढच्या वर्षी त्याने वीस हजारांची मुदत ठेव ठेवून तिच्यावर एक लहान कार्ड घेतले. त्याने ते घरी विचारून घेतले. मोटारसायकलचे पेट्रोल आणि फोनचे रिचार्ज, एवढेच तो त्यावर घेतो. त्याच्या चोपड्याच्या घरी स्वयंपाकघरात दिनदर्शिका टांगलेली आहे. तिच्यावर दूधवाल्याचे हिशेब आहेत, गॅस सिलिंडर कधी लावले त्याची खूण आहे आणि दर महिन्याच्या २२ तारखेभोवती त्याच्या अम्मींनी लाल पेन्सिलीने गोल केलेला आहे. बिलाची शेवटची तारीख २५ आहे. तीन दिवस आधीचा गोल का, असे मी त्यांना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी त्याला फोन करते."